जुनी गाडी आणि टायमिंग बेल्ट : सुटे भाग निवडताना घ्यावयाची काळजी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा याच गोष्टी लिहितो. या वेळचा विषय ऊस विकास खात्याच्या कक्षेतला नाही. परंतु लागणीच्या नोंदी घेण्यास शिवारात फिरताना आम्हांस जे दिसते, त्यावरून हा लेख लिहिण्याची गरज वाटली. वस्तीवर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या शेजारी आता एखादी चारचाकी उभी असते. ती बहुधा जुनीच घेतलेली असते. उसाचे बिल जमा झाले, मुलाच्या नोकरीचे थोडे आले, की पाहुण्यांच्या ओळखीने गाडी दारात येते. त्यात गैर काहीच नाही. म्हातारी माणसे दवाखान्यात न्यावयाची असतात, मुलींची कॉलेजे लांब असतात.

परंतु गाडी घेताना आपण रंग बघतो, टायर बघतो, गाद्या बघतो. इंजिनाच्या पोटात एक रबरी पट्टा असतो, त्याची चौकशी शंभरात एखादाच करतो. त्या पट्ट्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो तुटला म्हणजे काय होते, हे आम्ही स्वतः भोगलेले आहे. तो अनुभव पुढे येईलच. आधी हा पट्टा करतो काय, ते समजून घेऊ.

बेल्टचे काम

इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि त्यांच्या हालचालीने खालचा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरतो. पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व असतात. एक हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. हे व्हॉल्व उघडण्याचे काम वरचा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, करतो. खालचा दांडा दोन वेळा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरला पाहिजे. म्हणून खालच्या पुलीला २० दाते असतील तर वरच्या पुलीला ४० असतात. या दोन दांड्यांना जोडणारा दातेरी पट्टा तो टायमिंग बेल्ट.

वेग किती, हेही लक्षात घ्या. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. गावच्या ओढ्यावर एकच गाडी जाईल असा अरुंद फरशी-पूल असतो. अलीकडची गाडी पार झाली की मगच पलीकडची येते. पिस्टन आणि व्हॉल्व यांचे अनेक इंजिनांत असेच असते. जागा एकच, पाळीपाळीने वापरावयाची. पाळी सांभाळणारा तो पट्टा. तो तुटला, किंवा त्याचे दोन-चार दाते घसरले, तर व्हॉल्व खाली उतरलेला असतानाच पिस्टन वर येतो आणि त्यावर आदळतो. व्हॉल्व वाकतात, पिस्टनला खोक पडते, कधी कॅमशाफ्ट मोडतो. काही पेट्रोल इंजिनांत मध्ये पुरेशी जागा असते, तिथे गाडी नुसती बंद पडते आणि नवा पट्टा घालून भागते. डिझेल इंजिनांत मात्र दाब जास्त असल्याने पिस्टनच्या वर जागाच नसते. तिथे सुटका नाही.

पूर्वी या कामाला गियर किंवा साखळी असे. आपल्याकडच्या अँबॅसिडर आणि पद्मिनी या गाड्यांत साखळीच होती. १९६२ साली जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातील ग्लास या कंपनीने आपल्या १००४ या गाडीत दातेरी रबरी पट्टा वापरला. १९६६ मध्ये इटलीच्या फियाटने १२४ स्पोर्ट या गाडीच्या इंजिनात तो घेतला. पट्टा हलका, आवाज कमी करणारा, त्याला तेल लागत नाही आणि बनविण्यास स्वस्त. त्यामुळे पुढे तो जगभर पसरला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तिच्यातही हाच पट्टा होता. सोय मोठी झाली, पण एक अटही आली. गियर इंजिनाच्या आयुष्यभर चालतो, पट्टा ठराविक मुदतीत बदलावाच लागतो.

आपल्या गाडीला बेल्ट आहे की चेन?

पहिला प्रश्न हाच. गाडीच्या नावावरून उत्तर देऊ नये. मारुती ८००, ओम्नी, जुनी ८०० सीसीची अल्टो, ह्युंदाईची जुनी सँट्रो, टाटांची इंडिका डिझेल, टोयोटाची २.५ लिटरची जुनी इनोव्हा, रेनॉल्टच्या डस्टरचे १.५ लिटरचे डिझेल इंजिन, या सर्वांत बेल्ट आहे. उलट अल्टो के-१० आणि २.४ लिटरची इनोव्हा क्रिस्टा यांत चेन आहे. म्हणजे अल्टो म्हटले किंवा इनोव्हा म्हटले, एवढ्याने काही ठरत नाही.

स्विफ्टचेच पाहा. २००५ ते २०१० या काळातली १.३ लिटरची पेट्रोल स्विफ्ट बेल्टची आणि १.३ लिटरचीच डिझेल स्विफ्ट चेनची. आय-१० मध्ये १.१ लिटरला बेल्ट, १.२ लिटरला चेन. वॅगन-आरच्या जुन्या १.१ लिटरच्या इंजिनात बेल्ट होता, पुढे आलेल्या के-मालिकेच्या इंजिनात चेन. म्हणून गाडीचे नाव, इंधन, इंजिनाची क्षमता आणि वर्ष, या चारही गोष्टी सांगितल्याशिवाय उत्तर मिळत नाही. गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक असेल तर त्यात पाहावे. नसेल तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला चेसिस नंबर देऊन विचारावे.

आणखी एक गल्लत नेहमी होते. विकणारा म्हणतो, "बेल्ट परवाच टाकलाय." तो खोटे बोलतो असे नाही. पण बदललेला असतो बाहेरचा फॅन बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर फिरविणारा. तो बॉनेट उघडताच दिसतो आणि थोडक्यात बदलून होतो. टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो, तो काढण्यास मेस्त्रीला काही तास लागतात. तेव्हा "कोणता बेल्ट?" हे विचारावे आणि पावती मागावी.

मुदत : किलोमीटर आणि वर्षे, दोन्ही

बेल्टची मुदत कंपनी दोन प्रकारे सांगते. किती किलोमीटर आणि किती वर्षे. दोहोंपैकी जे आधी पुरे होईल ते धरावयाचे. बनावटीप्रमाणे हा आकडा साधारण ६० हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत बदलतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये, आपल्याच इंजिनाचा पाहावा.

पुष्कळांना वाटते, गाडी फिरली नाही तर पट्टा झिजणार कसा? रबर हे उष्णतेने आणि काळानेही कडक होते. शेडमध्ये सात-आठ वर्षे उभ्या गाडीचा पट्टा नवा राहत नाही. शिवाय ट्रॅक्टरला आपण तासांचे मीटर बघतो, ते का? कारण इंजिन जागेवर चालले तरी झिजते. गाडीचे तसेच आहे. शहरात रहदारीत तासन् तास सुरू राहिलेल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पट्टा मात्र तितका फिरलेलाच असतो. आणि जुन्या गाडीचा मीटर मागे फिरविलेला नसेलच, याची हमी कोण देणार?

यावरून आमचे सांगणे एकच. जुनी गाडी घेतली आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची तारीख व किलोमीटर लिहिलेली पावती हातात नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजावे. गाडीचा भाव ठरवितानाच हा खर्च मोजून तितकी रक्कम कमी करून घ्यावी आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम तेच करावे.

"साहेब, वरचं झाकण काढून बघितला, चांगला दिसतोय की," असे आम्हांस एका सभासदाने सांगितले. तात्या, उसात खोडकिडीची अळी शिरली तरी सुरुवातीला वरून पाने हिरवीच दिसतात. पोंगा सुकून ओढताच हातात आला म्हणजे मग कळते. बेल्टची कडा उसवलेली, दात्यांवरचे कापड उडालेले, तेलाने ओला झालेला, असे काही दिसले तर तो ताबडतोब बदलावाच. पण काही दिसले नाही म्हणून तो ठीक आहे असा अर्थ काढू नये. आताचे पट्टे सुधारित रबराचे असतात, त्यांना पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत, ते आतल्या दोऱ्यांत थकतात.

एकटा पट्टा बदलू नका : आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी डिझेल गाडी घेतली. बेल्ट बदलावयाचा एवढे आम्हांस ठाऊक होते, म्हणून एका गॅरेजमध्ये नेली. मेस्त्री म्हणाला, "टेन्शनर, आयडलर सगळंच बदलायचं तर खर्च वाढंल. बेअरिंगं अजून फिरत्यात, राहू द्या की." आम्हीही हिशेब केला. वाचणारी रक्कम उसाच्या भावात मोजली तर दोन टनांपेक्षा कमी होती, पण तेव्हा ती मोठी वाटली. नुसता पट्टा बदलून आणला.

वर्षभर गाडी चांगली चालली. पुढे सकाळच्या वेळी इंजिनातून बारीक कुईऽ असा आवाज येऊ लागला, गरम झाल्यावर तो बंद होई. आम्ही दुर्लक्ष केले. एके दिवशी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी घेऊन निघालो होतो. घाट उतरून सपाटीला लागलो आणि एकदम खट् असा आवाज होऊन इंजिन बंद पडले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा लागला. नशीब की घाट संपला होता. आई दोन तास रस्त्याकडेला लिंबाखाली बसून होती.

इंजिन उघडल्यावर कळले की पट्टा नवाच होता, पण टेन्शनरचे जुने बेअरिंग ग्रीस संपून जाम झाले होते. जाम पुलीवर घासून पट्टा जळाला आणि तुटला. आठपैकी सहा व्हॉल्व वाकले, एका पिस्टनला खोक पडली. जे बिल आले, ते आमच्या घरच्या पंधरा टन उसाच्या बिलाएवढे होते. दोन टन वाचवावयास गेलो आणि पंधरा टन घातले. चूक मेस्त्रीची म्हणावी तर होकार आम्हीच दिला होता.

म्हणून पुढील भाग एकाच वेळी बदलावेत :

१. टायमिंग बेल्ट.

२. टेन्शनर, म्हणजे पट्ट्याला ताण देणारी पुली. काही गाड्यांत ती स्प्रिंगवर, तर काहींत तेलाच्या दाबावर चालणारी असते. कशीही असली तरी बेअरिंगसह बदलावी.

३. आयडलर, म्हणजे पट्ट्याला वळण देणारी पुली. एक असेल वा दोन.

४. वॉटर पंप. काही इंजिनांत तो टायमिंग बेल्टवरच फिरतो. तसे असेल तर तो आताच बदलावा. पुढे तो गळू लागला तर पाणी पट्ट्यावर पडते आणि सारे काम पुन्हा उघडावे लागते. पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर तो चांगला असेपर्यंत हात लावण्याची गरज नाही.

५. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टचे पुढचे ऑईल सील. किमतीने अगदी किरकोळ, पण गळले तर नवा पट्टा तेलाने खराब होतो.

६. कंपनीने 'एकदाच वापरा' असे सांगितलेले बोल्ट, आणि पंप बदलला तर नवीन कूलंट.

यात मुख्य खर्च उघडण्या-जोडण्याच्या मजुरीचा असतो. पट्टा एक बदलला काय आणि सारा संच बदलला काय, मजुरी जवळजवळ तितकीच. आपला कारखाना बंद हंगामात काय करतो? गिरणीचे बेअरिंग गळीत संपेपर्यंत चालले म्हणून तसेच ठेवीत नाही. एकदा उघडले की त्या जागचे झिजणारे सर्व भाग पाहून घेतो, कारण जानेवारीत गिरणी बंद पडली तर गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते आणि फडातला ऊस वाळतो. हाच नियम गाडीला.

योग्य भाग कसा निवडावा

जुना पट्टा हातात घेऊन दुकानात जाणे आणि "असाच द्या" म्हणणे, ही आपली नेहमीची रीत. फॅन बेल्टला ती एक वेळ चालेल, टायमिंग बेल्टला नाही. या पट्ट्यात चार मापे असतात. दात्यांची संख्या, दोन दात्यांमधील अंतर, रुंदी आणि दात्याचा आकार. पट्ट्याची लांबी म्हणजे दात्यांची संख्या गुणिले दात्यांमधील अंतर. उदाहरणार्थ, ९.५२५ मिलिमीटर अंतराचे १०० दाते असतील तर लांबी ९५२.५ मिलिमीटर. दुसऱ्या पट्ट्याचे अंतर ८ मिलिमीटर असेल तर १०० दात्यांची लांबी ८०० मिलिमीटरच भरेल. दात्याचा आकार कुठे चौकटी कापल्यासारखा, तर कुठे गोलाकार असतो. चुकीच्या आकाराचा पट्टा पुलीवर बसल्यासारखा वाटतो, पण दाते लवकर खाल्ले जातात. शिवाय जुन्या गाडीत आधीच्या मालकाने चुकीचा पट्टा बसविलेला असेल तर नमुना म्हणून आपण चूकच दुकानात नेतो.

तेव्हा निवड चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांवरून करावी. चेसिस नंबर १७ आकडे-अक्षरांचा असतो आणि आर.सी.वर छापलेला असतो. कंपन्या एकाच मॉडेलात वर्षाच्या मध्येही भाग बदलतात. नंबर दिला म्हणजे दुकानदार नेमका भाग क्रमांक काढून देतो. तो क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, मग भाव कुठेही विचारावा. जुन्या भागाच्या क्रमांकाऐवजी नवा क्रमांक आलेला असू शकतो, तेही विचारून घ्यावे.

माल कोणाचा घ्यावा? बाजारात तीन दर्जे दिसतात. एक, गाडीच्या कंपनीच्या डब्यात येणारा. दुसरा, पट्टे आणि बेअरिंगे बनविणाऱ्या नामांकित कारखान्यांचा त्यांच्याच नावाने येणारा. गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, बँडो, मित्सुबोशी ही पट्ट्यांतील, तर आयएनए, एसकेएफ, एनएसके, एनटीएन ही बेअरिंगांतील जुनी नावे होत. गाड्यांच्या कंपन्या स्वतः पट्टे बनवीत नाहीत, अशाच कारखान्यांकडून घेतात. म्हणून भाग क्रमांक बरोबर जुळत असेल तर दुसरा दर्जाही घेण्यास हरकत नाही आणि तो पुष्कळदा स्वस्त पडतो. शक्य तर पट्टा, टेन्शनर आणि आयडलर एकाच डब्यात येणारा संच, म्हणजे किट, घ्यावा. तिसरा दर्जा बिननावाचा किंवा नावाची नक्कल केलेला. तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

"रबराचा पट्टा तो, त्यात फरक काय?" असे विचारणारे भेटतात. पट्टा नुसत्या रबराचा नसतो. आत काचतंतूंचे दोर असतात, तेच ताण सोसतात आणि लांबी वाढू देत नाहीत. वर उष्णता सोसणारे खास रबर आणि दात्यांवर नायलॉनचे कापड. नकली मालात हे तिन्ही हलके असतात आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. बेण्याचेही तसेच नाही का? कांडी हातात घेतली तर कोणत्याही उसाची सारखीच दिसते. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी आलेले बेणे कोणते आणि कुणाच्या फडातले उचललेले कोणते, हे उगवण आणि फुटवा झाल्यावरच समजते. तिथे निदान नांग्या भरता येतात. बेल्टला नांग्या भरता येत नाहीत.

नकली माल टाळण्यासाठी एवढे पाहावे. डब्यावरचा क्रमांक आणि पट्ट्यावर छापलेला क्रमांक एकच असावा. छपाई स्वच्छ असावी, बोटाने पुसली जाऊ नये. सील फुटलेले नसावे. भाव इतर दुकानांपेक्षा फारच कमी असेल तर संशय घ्यावा. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर भाग क्रमांक लिहून घ्यावा. डब्यावर किंवा पट्ट्यावर तयार केल्याची तारीख असेल तर तीही पाहावी, कारण अनेक वर्षे उन्हाच्या दुकानात पडलेला पट्टा नवा असूनही म्हाताराच असतो.

भंगारातून घ्यावे का? मुंबईत कुर्ल्याला आणि इतर मोठ्या गावांत जुन्या भागांचे बाजार आहेत. दरवाजा, काच, आरसा, दिवा असे भाग तिथून घ्यावेत. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप मात्र कधीही वापरलेले घेऊ नयेत. आम्ही लागणीला खोडव्याचे बेणे वापरू नका असे सांगत असतो. वापरलेला पट्टा म्हणजे खोडव्याचेच बेणे.

अलीकडे काही नव्या इंजिनांत पट्टा तेलातच फिरतो. तो पट्टा वेगळ्या जातीचा असतो. तिथे कोरडा पट्टा चालत नाही आणि इंजिन ऑईलही कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे, वेळच्या वेळी बदलावे लागते. दुसरे तेल पट्ट्याचे रबर फुगवते.

बसवून घेताना

भाग कितीही चांगले आणले तरी बसविणारा हात चांगला हवा. मेस्त्रीच्या कामात लुडबूड करावी असे आम्ही म्हणत नाही, परंतु उभे राहून पुढील गोष्टी जरूर पाहाव्यात.

पट्टा मुडपू नये, उलटा करू नये, पिळून बोटाएवढा गुंडाळू नये. आतले काचेचे दोर तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. उसाचे डोळे मार लागून गेले तरी कांडी चांगली दिसते, तसेच हे. पट्टा स्क्रू-ड्रायव्हरने ढोसून बसवू नये. क्रँक व कॅमवरच्या खुणा जुळवूनच पट्टा चढवावा आणि टेन्शनर कंपनीच्या रीतीने लावावा. फार सैल पट्टा दाते सोडतो, फार ताठ पट्टा बेअरिंग खातो. तेल कुठे गळत असेल तर ते आधी बंद करावे. जोडून झाल्यावर स्टार्टर मारण्यापूर्वी खालचा दांडा पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. दोन फेऱ्यांत वरचा दांडा एक फेरा करतो. कुठे अडकले तर जोर लावू नये, काहीतरी चुकलेले आहे. या पाच मिनिटांच्या कामाने इंजिन वाचते.

जुने भाग परत मागून घ्यावेत. जुने बेअरिंग बोटाने फिरवून बघा. खडखडत किंवा कोरडे गरगर फिरले तर त्यातले ग्रीस संपले असे समजावे. नवे बेअरिंग किंचित जड, मऊ फिरते. शेवटी तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी आणि बिल आर.सी.बरोबर जपून ठेवावे. पुढे गाडी विकताना हेच बिल आपल्याला चार पैसे जास्त मिळवून देईल.

आणि एक इशारा. बॅटरी उतरली की चार पोरे बोलावून धक्का मारणे किंवा ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढणे आणि गियर टाकणे ही आपल्याकडची रीत. मुदत संपलेल्या पट्ट्यावर त्या हिसक्याने दाते घसरू शकतात. जोडवायर लावून दुसऱ्या बॅटरीवर सुरू करावी. तसेच चालता-चालता इंजिन एकदम बंद पडले आणि स्टार्टर मारल्यावर ते नेहमीपेक्षा हलके, मोकळेच फिरू लागले, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. ब्रेक जोराने दाबून गाडी कडेला घ्यावी आणि तशीच उचलून गॅरेजला न्यावी. प्रत्येक स्टार्टरबरोबर उरलेले व्हॉल्वही वाकतात.

थोडक्यात

१. गाडीत बेल्ट की चेन, हे नावावरून नव्हे तर इंजिनावरून ठरवा.
२. लेखी पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे धरा आणि तो खर्च भावातून वजा करा.
३. किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल ती मुदत.
४. पट्टा, टेन्शनर, आयडलर, सील, आणि त्याच पट्ट्यावर चालणारा पंप एकदमच बदला.
५. चेसिस नंबरवरून भाग क्रमांक काढा, मगच भाव विचारा.
६. नामांकित कारखान्याचा, सीलबंद, पक्क्या बिलाचा माल घ्या. वापरलेला कधीही नको.
७. हाताने दोन फेरे फिरवून खुणा तपासल्याशिवाय स्टार्टर मारू देऊ नका.

सभासद बंधूंनो, उसाचे पीक बारा ते अठरा महिने सांभाळावे तेव्हा बिल हातात पडते. त्यातून घेतलेली गाडी एका पट्ट्यापायी रस्त्यात उभी राहावी, घरची माणसे रात्री-अपरात्री अडकावीत, हे पाहवत नाही. गाडी कमी किमतीची घ्या, जुनी घ्या, पण तिच्या पोटातला पट्टा कोणत्या सालचा आहे ते आज घरी गेल्यावर एकदा पाहा. माहितीपुस्तक सापडत नसेल तर आर.सी. घेऊन गट कार्यालयात या. आम्ही मेस्त्री नव्हे, पण चेसिस नंबर कुठे असतो आणि कुणाला कसे विचारावयाचे, एवढे नक्की दाखवू. पुढील अंकी पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे, खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाकडे वळू.

आपला,
ऊस विकास अधिकारी